पहाटे चारचा रकाना

वही देताना एजन्सीच्या लांजेवार मॅडमनं एकच बजावलं:
रकाना रिकामा दिसू नये.
बारा, दोन, चार, सहा.
डावी कूस, पाठ, उजवी कूस, पुन्हा डावी.
वेळेपुढं टिक, टिकेपुढं सही:
ज्यो. खोब्रागडे.

मानेवाड्यातलं दोन खोल्यांचं घर, मे महिना,
खिडकीत वाळ्याचा कूलर,
भिंतीवर मुलानं हैदराबादहून लावलेला कॅमेरा.
त्याला पलंग दिसतो, मी दिसते,
चादरीखालचं दिसत नाही.

बोकडे काका रेल्वे टपालात सॉर्टर होते,
बत्तीस वर्षं रात्रपाळी.
अर्धांगात उजवी बाजू गेली,
डावा हात अजून रात्री चालतो,
चादरीची कड चिमटीत धरून
एकेक खणात टाकत राहतो:
गोंदिया, बल्लारशा, इटारसी.
मी म्हणते, काका, गाडी सुटली, झोपा आता.

त्या दिवशी मी सकाळी सहाला आले होते, इंदोऱ्याहून.
रात्रीची सुनंदा आलीच नाही.
फोन बंद.
मॅडम म्हणाली, आजच्या दिवस काढ न वं,
पेशंटला एकटं टाकतेस का?
नाही टाकलं.
बाराला वळवलं, दोनला वळवलं.
मग खुर्चीत टेकले, एवढंच आठवतं.

जाग आली ती कूलरनं.
पाणी संपलं की त्याचा आवाज कोरडा होतो,
रिकाम्या डब्यात खडे हलवावे तसा.
पाच चाळीस.
काका तसेच पाठीवर,
डोळे उघडे, मला उठवलं नव्हतं.

चादर बाजूला केली.
उजव्या टाचेवर रुपयाएवढं लाल.
अंगठ्यानं दाबलं, सोडलं.
पांढरं झालं नाही.
ट्रेनिंगमधल्या सिस्टर म्हणायच्या,
पांढरं झालं तर घाबरू नका.
पुढचं वाक्य मला नीट आठवत होतं.

मॅडमला फोन लावला.
टिक मार, ती झोपेतच बोलली,
बुधवारी तपासणी आहे, चार घरं जातील हातची.
पेनाचं टोपण दातात धरून
मी चारच्या रकान्यापाशी बसले.
लहानसा चौकोन तो, टिकेच्याच मापाचा.

काय... लिवतेस, काकांनी विचारलं,
त्यांच्या अर्ध्या ओठांनी.
सांगितलं सगळं.
बराच वेळ डावा हात नुसता पडून राहिला.
मग म्हणाले, मी बी... मारला होता. एकदा.
शिक्का. आदल्या तारखेचा.
पिशवी राहून गेली होती... बाकाखाली.
इंटरवूचं पत्र होतं त्यात. पोराचं.
साहेब म्हणे, मार.
मारला.
आणि मग जिभेत न अडखळता,
जणू समोर पाकीट धरलंय, असा पूर्ण पत्ता म्हणाले:
शामराव फुंडे, मोठ्या विहिरीजवळ,
मुक्काम पोस्ट पवनी.

मी लिहिलं.
रकान्यात मावेना, समासात गेलं:
चार वाजता वळवलं नाही. झोप लागली.
ड्युटीचा बाविसावा तास.
उजवी टाच लाल, दाबून पांढरी होत नाही.
खाली सही केली, या वेळी पूर्ण नाव.

मग पोटरीखाली उशी सरकवली,
टाच हवेत राहील अशी.
टाचेखाली काहीच नको,
तिचं औषध तेवढंच.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या.

बुधवारी कोणी काय वाचलं, ठाऊक नाही.
माझी अर्धी दिवसपाळी कापली.
रात्रीसाठी हिंगण्याची एक नवी पोरगी आली,
सुनंदा नाही आली तर बदली कोण,
त्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून गेले.
समासातल्या कोणत्या ओळीचं काय झालं,
हे कोणी सांगत नसतं.

आज सकाळी टाच पुन्हा दाबली.
अंगठा काढला.
पांढरी झाली,
आणि मग, काका खिडकीकडं बघत असताना,
हळूच गुलाबी.